टॅक्सीवाला लायक आहे, हे कोणी ठरवायचं?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वकिलीची उमेदीची वर्षं रिक्षावाल्यांची आणि टॅक्सीवाल्यांची प्रकरणं लढवण्यात घालवली. परवाना अडला, बॅज जप्त झाला, की माणूस थेट त्यांच्या ओट्यावर येऊन बसायचा. त्यामुळे विषय शोधत मला फार लांब जावं लागलं नाही. उदाहरणं मात्र लांबची आणली आहेत, इंग्लंडची. ती का आणली, ते पुढे कळेलच.

इंग्लंड आणि वेल्समध्ये गाडी चालवण्याचं साधं लायसन्स केंद्रीय यंत्रणा देते. पण भाड्याने प्रवासी न्यायचे असतील, तर दुसरं लायसन्स लागतं. आपण त्याला बॅज म्हणू. लंडनचा अपवाद सोडला, तर हा बॅज तिथली स्थानिक कौन्सिल देते. जी कचरा उचलते, तीच कौन्सिल हा माणूस टॅक्सी चालवायला लायक आहे की नाही हेही ठरवते. एकट्या इंग्लंडात अशा अडीचशेहून जास्त कौन्सिल आहेत. म्हणजे अडीचशेहून जास्त ठिकाणी रोज कोणी ना कोणी एका अनोळखी माणसाच्या चारित्र्याबद्दल निर्णय घेत असतं. कशाच्या जोरावर घेतं?

कायदे जुने आहेत. रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते, त्या टॅक्सीचा मूळ कायदा 1847 चा. घोड्यांच्या बग्ग्यांसाठी केलेला, आणि तो आजही लागू आहे. (आपण उगाच वाटून घेतो, की जुने कायदे फक्त आपल्याच गळ्यात पडलेत.) फोन करून बोलवायच्या मिनीकॅबचा कायदा 1976 चा. चालक 'फिट अँड प्रॉपर' असला पाहिजे, ही अट या 1976 च्या कायद्यातली. आता गंमत बघा. चालक लायक असेल तर लायसन्स द्यावं, असं कायदा म्हणत नाही. कौन्सिलची खात्री पटल्याशिवाय लायसन्स देऊच नये, असं म्हणतो. तुम्ही म्हणाल, फरक काय पडला? सगळा फरक इथेच पडला. खात्री पटवायची जबाबदारी अर्जदाराची झाली. कोर्टात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. इथे तो मिळत नाही. 2020 साली सरकारने सगळ्या कौन्सिलांसाठी मानकं काढली, त्यांत तर स्पष्टच लिहिलंय, की पारडं बरोबर मध्ये अडलं असेल, लायक आहे आणि नाही दोन्ही सारखंच संभवत असेल, तर लायसन्स नाकारा.

लायक म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. संसदेने ती मुद्दाम केली नाही की राहून गेली, देव जाणे. 1998 साली लॉर्ड बिंगहॅम या नामवंत न्यायाधीशांनी एका निकालात तिचा अंदाज दिला. गाडी सुरक्षित चालवणारा, पुरेसा अनुभव असलेला, शुद्धीवर राहणारा, शरीराने आणि मनाने धड, प्रामाणिक, आणि या धंद्याचा गैरफायदा घेऊन प्रवाशाच्या अंगावर हात न टाकणारा. 2020 च्या मानकांनी या सगळ्याचा एक प्रश्न केला. निर्णय घेणाऱ्याने मनाशी विचारायचं, की कोणताही पूर्वग्रह न ठेवता, समोर आलेल्या माहितीवरून, मला जिवाभावाचं असलेलं माणूस, मग ते कोणत्याही अवस्थेत असो, दिवसा किंवा रात्री, एकटं या चालकाच्या गाडीत बसवीन का?

मला हा प्रश्न फार आवडतो, आणि त्याची मला थोडी भीतीही वाटते. आवडतो, कारण 'कोणत्याही अवस्थेत' हे शब्द ज्याने घातले त्याने टॅक्सीत बसणारी माणसं पाहिलेली आहेत. दारू चढलेला तरुण, डायलिसिस करून परतणारी म्हातारी, बोलता न येणारं मूल, रात्री दोनला पबमधून एकटी निघालेली मुलगी. टॅक्सीची गरज बहुतेक वेळा माणूस दुबळा असतानाच पडते. भीती अशासाठी वाटते, की हा प्रश्न मनाला विचारायचा आहे, आणि मन म्हटलं की त्यात आवडनिवड आली. समोर बसलेल्या माणसाचं नाव, दाढी, उच्चार हेही आलं. इंग्लंडातल्या कित्येक गावांत टॅक्सीचालक मोठ्या संख्येने पाकिस्तानी किंवा बांगलादेशी कुळातले आहेत आणि अडलेल्या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या कौन्सिलच्या समितीवर बसणारे बहुतेक गोरे. 'पूर्वग्रह न ठेवता' असं लिहून पूर्वग्रह जात असते, तर आपल्याकडे राज्यघटनेनंतर काही करायलाच नको होतं.

मग यावर उपाय काय? तो मला त्या समितीच्या खोलीतच सापडतो. तिच्याकडे जरा जवळून बघू या.

टाउन हॉलमधली साधी खोली. नियमात बसणारे अर्ज अधिकारी आपल्या पातळीवर निकाली काढतात. अडलेली प्रकरणं इथे येतात. टेबलाच्या एका बाजूला या कामाचं प्रशिक्षण घेतलेले तीन-चार नगरसेवक. शेजारी कौन्सिलचा वकील, ज्याला मत नसतं पण शब्द असतो. लायसन्स विभागाचा अधिकारी अहवाल वाचतो. वार्ताहरांना आणि लोकांना बाहेर ठेवतात, कारण आत एका माणसाचा गुन्हेगारी इतिहास उघडा पडणार असतो. समोर चालक, सोबत वकील किंवा युनियनचा माणूस.

आपण एक चालक कल्पू. वय पस्तीस. तेविसाव्या वर्षी बारमध्ये मारामारी केली, दंड झाला, तो भरला. त्यानंतर लग्न, दोन मुलं. दोन वर्षांपूर्वी गाडी चालवताना फोन हातात धरला म्हणून पकडला गेला. आता बॅजसाठी अर्ज केलाय. काय करायचं याचं?

मारामारीची गोष्ट बारा वर्षांची. इतर नोकऱ्यांसाठी ती केव्हाच पुसली गेली. तिथे 1974 चा कायदा आहे, ठराविक काळ सरळ राहिलेल्या माणसाला जुना गुन्हा सांगायची सक्ती नाही. टॅक्सीचालकांना मात्र 2002 पासून या सवलतीतून वगळलंय. म्हणून समितीपुढच्या कागदात ती मारामारी दिसते. मानकं म्हणतात, हिंसेच्या गुन्ह्याला शिक्षा पूर्ण झाल्यापासून दहा वर्षं जाऊ द्या. ती गेली. पण हातात फोन धरल्याला पाच वर्षं जावी लागतात, आणि इथे दोनच गेलीत. म्हणजे बारमधल्या मारामारीने न अडलेला माणूस फोनवर अडला! हसू येतं ना? पण विचार करा, त्या मागच्या सीटवर बसून तुम्हाला कशाची भीती जास्त आहे, बारा वर्षांपूर्वीच्या गुद्द्याची की आज उजव्या हातात धरलेल्या फोनची?

दारू पिऊन गाडी चालवली असेल तर सात वर्षं. अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्याला सात. अमली पदार्थ विकले तर दहा, नुसते जवळ बाळगले तर पाच. लैंगिक गुन्हा, माणसांचं शोषण, कोणाचा जीव घेणारा गुन्हा, यांना मुदतच नाही. लायसन्स मिळणार नाही. आता हे आकडे म्हणजे पायऱ्या आहेत, भिंत नव्हे. समितीला त्यांच्यापासून दूर जाता येतं. पण गेलात तर का गेलात, ते लिहावं लागतं. माझं म्हणणं आहे, की या व्यवस्थेचा सगळा जीव या लिहिण्यात आहे. मनाला विचारा, जरूर विचारा. पण मनाने दिलेलं उत्तर कागदावर कारणासकट उतरवा. 'आम्हाला योग्य वाटलं नाही' एवढ्यावर भागत नाही. कारण तो कागद घेऊन चालक एकवीस दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे जातो, आणि तिथे ते कारण उलटंपालटं करून तपासलं जातं. ज्या पूर्वग्रहाला तोंडी बोलताना लाज वाटत नाही, त्याला कागदावर उतरताना वाटते.

इथे सभागृहातलं कोणी तरी उठून विचारेल, आणि ज्यांच्या नावाने आपण जमलोय त्यांनी तर नक्कीच विचारलं असतं: पोटाचं काय? त्या चालकाची दोन मुलं, गाडीचे हप्ते, घराचं भाडं, हे समितीने बघायचं की नाही?

तिथली न्यायालयं म्हणतात, नाही. लीड्स शहरातल्या एका चालकावर हिंसक दंगलीचा आरोप ठेवला गेला, कौन्सिलने खटल्याच्या निकालाआधीच त्याचं लायसन्स निलंबित केलं. 2002 साली उच्च न्यायालयाने सांगितलं, की कौन्सिलला हे करता येतं, आणि चालकाच्या कुटुंबाचं काय होईल हा विचार इथे अप्रस्तुत आहे. प्रश्न प्रवाशांच्या सुरक्षिततेचा आहे, तेवढाच बघा. ऐकायला क्रूर वाटतं. मीही बरीच वर्षं चालकांच्या बाजूने बोलत आलोय, त्यामुळे मला ते लगेच पचलं नाही. पण उलट करून पाहा. पोटाचा विचार एकदा आत घेतला, की ज्याची मुलं जास्त त्याचा गुन्हा कमी, असा हिशेब होतो. आणि मागच्या सीटवर बसणाऱ्याची मुलं तर समितीपुढे आलेलीच नसतात. पोटाचा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर युनियनने, सरकारने, समाजाने द्यायचं. ते त्या प्रवाशाच्या अंगावर टाकता येणार नाही.

पण याच न्यायालयांनी कौन्सिलांचेही कान धरलेत. 2012 साली कार्डिफच्या प्रकरणात त्यांनी सांगितलं, की 'आधी निलंबित करून ठेवू, चौकशी नंतर बघू' असं चालणार नाही. निलंबन हा निर्णय आहे, निर्णयाआधीची सोय नव्हे. आधी चालकाचं ऐका, मन बनवा, मग लेखणी उचला. प्रवाशांना तातडीचा धोका असेल तर लायसन्स त्याच क्षणी थांबवायचा अधिकारही आहे, तो 2006 च्या कायद्याने दिला. एरवी एकवीस दिवस, आणि अपील केलं तर त्याचा निकाल लागेपर्यंत, माणूस गाडी चालवू शकतो.

आणि निर्दोष सुटलेल्याचं काय? बिंगहॅमसाहेबांचा 1998 चा तो निकाल नेमका अशाच प्रकरणातला. चालकावर प्रवासी स्त्रीशी गैरवर्तनाचा आरोप होता, शिक्षा झाली नव्हती. तरी त्याला लायसन्स नाकारता येतं, असं ठरलं. ऐकीव पुरावाही विचारात घेता येतो, असंही ठरलं. आपल्या वकील मंडळींना हे खटकेल. पण मुलीसाठी स्थळ बघताना आपण कोर्टाचा निकाल मागतो का? गावात दोन ठिकाणी वाईट ऐकलं, की पाऊल मागे घेतो. कौन्सिल कोणाला तुरुंगात टाकत नाही. ती फक्त अनोळखी माणसांना त्याच्या स्वाधीन करायला नकार देते. शिक्षा करायची तर संशयापलीकडचा पुरावा हवा. विश्वास टाकायचा तर त्यासाठी माप वेगळं लागतं.

हे वेगळं माप न लावण्याची किंमत लंडनने मोजली आहे. तिथल्या काळ्या टॅक्सीचा बॅज म्हणजे जगातल्या सगळ्यात अवघड समजल्या जाणाऱ्या परीक्षांपैकी एक. मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांतले सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ. अशा प्रतिष्ठेचा बॅज असलेला जॉन वॉरबॉइज हा चालक रात्री एकट्या स्त्रियांना, मला लॉटरी लागलीय असं सांगून, गुंगीचं औषध घातलेली शँपेन पाजायचा. 2009 साली त्याला बारा स्त्रियांवरच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. त्याआधी 2007 मध्ये पोलिसांनी त्याला पकडून सोडून दिलं होतं. रस्ते पाठ होते. बॅज खरा होता. कमी पडलं ते एकच: तक्रार करणाऱ्या स्त्रियांचं कोणी खरं मानलं नाही.

आता रॉदरहॅम. मला इथे जरा जास्त वेळ थांबायचंय.

यॉर्कशरमधलं हे गाव. 2014 च्या ऑगस्टमध्ये प्राध्यापक अ‍ॅलेक्सिस जे यांचा अहवाल आला. 1997 ते 2013 या सोळा वर्षांत तिथे किमान चौदाशे मुलांचं लैंगिक शोषण झालं असावं, असा त्यांचा जपून केलेला अंदाज. बहुतेक मुली, काही अकरा वर्षांच्या. आणि त्या गोष्टीत टॅक्सी पुन्हा पुन्हा येत होती. शाळेबाहेर थांबलेली टॅक्सी. अनाथ मुलांच्या वसतिगृहाबाहेर थांबलेली टॅक्सी. पुढे सरकारने नेमलेल्या लुईझ केसी यांनी कौन्सिलचा कारभार तपासला. 2015 च्या फेब्रुवारीत त्यांचा अहवाल आल्यावर कौन्सिलच्या कार्यकारी मंडळाने राजीनामा दिला आणि सरकारने आयुक्त नेमले. लायसन्स देण्याचा अधिकार नगरसेवकांकडून काढून घेण्यात आला.

का झालं हे? कायदा नव्हता? 1976 पासून होता. अधिकार नव्हते? सगळे होते. लायसन्स रद्द करायला कोर्टाच्या शिक्षेची वाट बघायची गरज नाही, हेही 1998 पासून सगळ्यांना माहीत होतं. तरी कौन्सिल वाट बघत बसली. पोलिसांनी खटला केला नाही ना? मग आम्ही कशाला? असा तो न्याय. एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवणार, दुसरा पोलिसांकडे, पोलीस म्हणणार त्या मुलीच तशा. आणि केसींनी आणखी एक गोष्ट नोंदवली, जी आजही तिथे वादाची आहे. आरोपींतले बरेच पाकिस्तानी कुळातले, म्हणून अधिकारी बोलायला कचरत होते, आपल्यावर वंशद्वेषाचा शिक्का बसेल म्हणून.

यावर माझं मत सांगतो. पटलं नाही तर सोडून द्या. तोंड बंद ठेवून त्या अधिकाऱ्यांनी कोणत्या समाजाचं भलं केलं? रॉदरहॅममध्ये सचोटीने गाडी चालवणारे शेकडो चालक होते. गैरकृत्य करणाऱ्यांची लायसन्सं वेळीच, एकेक करून, कारणं लिहून काढून घेतली असती, तर उरलेल्यांवर नंतर सरसकट संशयाची धूळ उडाली नसती. गप्प बसण्याने त्यांचंही वाटोळं झालं. नंतर तिथे नियम कडक झाले, गाड्यांत कॅमेरे आले, आणि आधीपासून बॅज असलेल्यांचेही जुने गुन्हे नव्या मोजपट्टीने पुन्हा तपासले गेले. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांनाही त्या रांगेत उभं राहावं लागलं.

रॉदरहॅमनंतर दुसरी अडचण वर आली, तिचं उत्तर अजून पुरतं सापडलेलं नाही. एका कौन्सिलने हाकललेला चालक शेजारच्या कौन्सिलकडे अर्ज करायचा, आणि शेजारणीला काही पत्ताच नसायचा. 2018 मध्ये नाकारलेल्या आणि रद्द केलेल्या लायसन्सांची देशव्यापी नोंदवही सुरू झाली, पण ऐच्छिक. 2022 च्या कायद्याने इंग्लंडात ती सक्तीची झाली. तेवढ्याने भागलं का? मिनीकॅबचा चालक, गाडी आणि कंपनी या तिघांची लायसन्सं एकाच कौन्सिलची असली, की ती गाडी देशात कुठेही धंदा करू शकते. शिवाय 2015 पासून कंपन्यांना एका गावचं काम दुसऱ्या गावच्या कंपनीकडे वळवता येतं. मग चालकांनी काय केलं असेल? जिथे लायसन्स लवकर आणि स्वस्त मिळतं, तिथे गर्दी. वुल्व्हरहॅम्प्टनचा बॅज लावलेल्या गाड्या मँचेस्टरच्या रस्त्यांवर धावतात. वुल्व्हरहॅम्प्टन म्हणतं, आमच्याकडे चालकांची गुन्हेगारी नोंद रोजच्या रोज तपासली जाते, तुमच्याकडे सहा महिन्यांनी. तेही खोटं नाही. पण मँचेस्टरच्या बाईने तक्रार कोणाकडे करायची? 2025 च्या जूनमध्ये केसींनीच दुसऱ्या एका अहवालात ही पळवाट बुजवायला सांगितलं, आणि सरकारने ते मान्य केलंय.

उबरचं थोडक्यात सांगतो. 2017 मध्ये लंडनच्या परिवहन प्राधिकरणाने आख्खी कंपनीच लायक नाही असं ठरवलं, 2019 मध्ये पुन्हा ठरवलं, कारण दुसऱ्या चालकांच्या खात्यांवर आपले फोटो चढवून भलतेच चालक हजारो फेऱ्या मारत होते. आणि दोन्ही वेळा मॅजिस्ट्रेटने, कंपनीने सुधारणा केल्यावर, मुदतीचं लायसन्स परत दिलं.

आणि आपल्याकडे? मुंबईत घोड्यांच्या व्हिक्टोरिया धावत तेव्हा त्यांच्यासाठी 1920 चा कायदा होता. आज बॅज आरटीओ देतं, चारित्र्य पडताळणी पोलीस ठाणं करतं. ठाण्याचा कागद आला, की काम झालं. 2014 च्या डिसेंबरात दिल्लीत अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला, तेव्हा उघडकीला आलं, की त्या चालकाचा चारित्र्याचा दाखलाच बनावट होता. आधीही त्याच्यावर तसाच आरोप झालेला होता, त्यातून तो सुटला होता. इंग्लंडातल्या त्या खोलीत हा माणूस बसला असता, तर सुटला की नाही एवढं विचारून समिती थांबली नसती.

आपल्याकडे रिक्षावाला लायक आहे की नाही यावर वाद झालाच, तर तो त्याला मराठी येतं का यावर होतो. 2016 मध्ये परवान्यासाठी मराठीची सक्ती झाली, 2017 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि त्या गदारोळात रात्री एकट्या बसणाऱ्या बाईचा प्रश्न कोणी काढल्याचं मला आठवत नाही. मराठी यावं, मलाही वाटतं. पण गुन्हेगारालाही मराठी उत्तम येऊ शकतं.

आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 19 आहे. सराईत गुन्हेगार, सराईत दारुडा, गाडीचा वापर गुन्ह्यासाठी करणारा, अशा माणसाचं लायसन्स रद्द करायचा अधिकार ते देतं, आणि त्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला, कारणं लेखी नोंदवायला सांगतं. म्हणजे ऐकायचं आणि लिहायचं, दोन्ही आपल्या कायद्यात आहेच. नवा कायदा मागायची गरज नाही. या सभागृहात आरटीओतून निवृत्त झालेले दोघे-तिघे बसलेत, असं मला कळलंय. चहाच्या वेळी मी त्यांना विचारणार आहे, की तुमच्या काळात एखाद्या प्रवाशाच्या तक्रारीवरून चालकाला समोर बसवून, त्याचं ऐकून, कारण लिहून, किती बॅज काढून घेतले? तुम्हीही विचारा.